१९७२ ची शेव्हर्ले सी-१० विकायचीय, आतलं सगळं नवीन केलंय, किंमत कशी ठरवू?

गॅरेजवाला७२

मंडळी, अमेरिकेत राहून जुन्या गाड्यांचा नाद असलेले इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे १९७२ ची सी-१० पिकअप आहे, शॉर्ट बेड (मागचा हौदा आखूड), फ्लीटसाइड (हौद्याच्या बाजू बाहेरून सपाट). पत्रा, फ्रेम, केबिन जुनंच, पण पार सुटं करून, गंज काढून रंगवलेलं. आणि आत २००४ च्या सिल्व्हराडोतलं ५.३ लिटरचं इंजिन, त्याच गाडीचा फोर-एल-सिक्स्टी-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, व्हिंटेज एअरचा एसी, डिजिटल मीटर. पेट्रोलची टाकी केबिनमधून काढून मागे बेडखाली नेलीय (माहीत नसेल त्यांच्यासाठी, ७२ पर्यंत या गाड्यांची टाकी चक्क सीटच्या मागे केबिनमध्येच असायची, म्हणजे पेट्रोलला पाठ लावून फिरायचं).

आता घर बदलतोय, नव्या ठिकाणी गॅरेज नाही, त्यामुळे विकणं भाग आहे. घोळ असा झालाय की माझी बिलांची फाइल एक आकडा सांगते, प्राइस गाइड भलताच सांगतं आणि ऑनलाइन जाहिराती बघितल्या तर तिसराच. त्यात एक मित्र म्हणतोय मूळचं ३५० (क्युबिक इंचाचं) इंजिन स्टँडवर पडलंय ना, ते परत बसव, ओरिजिनल गाडीला भाव जास्त येतो. खरंय का हे? आणि विकायची कुठे, लिलावात की साधी जाहिरात टाकून?

जुनापत्रा

मित्राचं ऐकू नका राव. ओरिजिनल इंजिनचं ते गणित कॉर्व्हेटसारख्या गाड्यांचं, तिथे इंजिनवरचा नंबर गाडीशी जुळला की किंमत पार बदलते. सी-१० ही कामाची गाडी होती, शेतावर आणि साइटवर राबलेली, हिच्यात इंजिन बदललं म्हणून कोणी नाक मुरडत नाही, उलट एलएस (तुमच्या ५.३ च्या घराण्यातलं इंजिन) बसवलेलं, चालू, नीट ट्यून केलेलं मिळालं तर चालवणारा गिऱ्हाईक खूश असतो. ३५० परत बसवायचं म्हणजे वायरिंग, पंप, गिअरबॉक्स सगळं उलटं करा, वर त्याचेही पैसे घाला. ते इंजिन स्टँडसकट गाडीबरोबर देऊन टाका, जाहिरातीत एक ओळ लिहा, बास.

किंमतीचं म्हणाल तर हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा इन्शुरन्स करणाऱ्या कंपनीच्या प्राइस गाइडमध्ये १ ते ४ असे कंडिशनचे नंबर असतात, पण ते आकडे मुळात कारखान्यातून निघाली तशा गाडीचे. तुमच्या गाडीला ते फारतर तळ म्हणून बघा. बिलांची फाइल किंमत ठरवायला वापरू नका, घरात नवं किचन बसवलं म्हणून घराचा भाव तेवढ्याने वाढत नाही तसंच हे. आणि जाहिरातीतले आकडे म्हणजे नुसतं मागणं, महिनोन्महिने पडून असतात त्या गाड्या. ब्रिंग अ ट्रेलर या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर संपलेल्या लिलावांची पानं तशीच राहतात, तिथे ६७ ते ७२ मधल्या, एलएस बसवलेल्या, शॉर्ट बेड एवढ्याच गाड्या बघा. ज्या रिझर्व्ह (विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत) न गाठल्यामुळे विकल्या गेल्या नाहीत त्यांची शेवटची बोली पण बघा, बाजार कुठे थांबतो ते त्यात कळतं.

अजून एक, शॉर्ट बेड मुळातला आहे का? लांब बेडच्या गाड्या स्वस्तात घेऊन फ्रेम कापून आखूड करण्याचा धंदा जोरात चालतो, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक हेच आधी विचारणार. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचं स्टिकर असतं, त्यावर व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर), कारखान्यातून आलेले ऑप्शन आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) छापलेला असतो. ११५ इंच असेल तर शॉर्ट, १२७ असेल तर लाँग. रंगकामात ते उडालं नसेल तर तुमचं नशीब, त्याचा स्वच्छ फोटो जाहिरातीत पहिल्या पाचात टाका.

मीनल_गाडीवाली

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते, आमच्याकडे अशीच एक आहे (आमची ६९ ची, इंजिन नवीन, बाकी तुमच्यासारखंच). चकाचक रंग बघून मला उलट शंकाच येते. मला फोटो हवेत ते केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांचे, दाराखालच्या रॉकर पॅनलचे, पायाजवळच्या किक पॅनलचे आणि छताच्या कडेच्या पन्हळीचे, कारण या गाड्या सडतात त्या तिथेच. रंगाच्या आधीचे, पत्रा कापून नवीन वेल्ड केलेला दिसतोय असे फोटो असतील तर सोन्याहून पिवळं, कारण नंतर पुट्टी आणि पत्रा बाहेरून सारखेच दिसतात. आणि रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी सुरू करतानाचा व्हिडिओ, मध्ये कट न मारता. डॅश खालून उघडून वायरिंगचा एक फोटो पण टाका, तिथे टेपचा गुंता दिसला की मी पुढची जाहिरात बघते.

मिक्स गाडीची खरी डोकेदुखी सांगू का, घेतल्यावर वर्षभराने एखादा सेन्सर जातो, तुम्ही पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर उभे, समोरचा विचारतो गाडी कुठली, तुम्ही म्हणता ७२ ची सी-१०, तो कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि म्हणतो या गाडीला असा सेन्सरच नाही. म्हणून कुठला पार्ट कुठल्या सालच्या कुठल्या गाडीचा याची यादी करा: इंजिन, वॉटर पंप, अल्टरनेटर, मागचे ब्रेक पॅड, रेडिएटरचे होज, सगळं. या ५.३ ला पेट्रोलचा दाब साधारण ५८ पीएसआय लागतो, म्हणजे जुना कार्बोरेटरवाला पंप चालत नाही, तर तुमचा पंप कुठला आणि फिल्टर कुठे बसवलाय ते पण लिहा. इंजिनच्या कॉम्प्युटरची ट्यून फाइल पेन ड्राइव्हवर द्या. आम्हाला ज्याने गाडी विकली त्याने हे सगळं तीन पानांत लिहून दिलं होतं आणि खरं सांगते, दुसरी गाडी जरा स्वस्त होती तरी आम्ही हीच घेतली ती त्या तीन पानांमुळे.

हायवे_काका

वर सगळं बरोबर आहे फक्त एक दुरुस्ती. जाहिरातीत "पुढे डिस्क ब्रेक बसवले" असं मिरवू नका, ७१ पासून शेव्हीने स्वतःच सी-१० ला पुढे डिस्क दिले, तेव्हाच सहा बोल्टची चाकं जाऊन पाच बोल्टची आली. ७२ च्या गाडीला ते अपग्रेड म्हटलं की जाणकार हसतो आणि मग बाकीच्या दाव्यांवर पण संशय घेतो. मागचे डिस्क तुम्ही केलेत, तेवढंच लिहा. मीनलताईंच्या ६९ ला मात्र तो मान आहे.

कागदांचं: टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन, दाराच्या खांबावरच्या प्लेटवरचा आणि फ्रेमवर ठोकलेला असे तिन्ही जुळतात का ते आत्ताच बघून ठेवा, गिऱ्हाईक दारात उभा असताना नाही. फ्रेमवरचा रंगाखाली गेला असेल तर हलक्या हाताने घासून काढा आणि फोटो घ्या. मीटर तुम्ही बदललाय म्हणजे मैलांचा आकडा खरा नाही, फेडरल नियमाने २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना ओडोमीटरच्या घोषणेतून सूट आहे, तरी बिल ऑफ सेलवर "प्रत्यक्ष मैल माहीत नाहीत" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकाचे फोन येतील, त्यांना सांगा की ७५ पर्यंतच्या गाड्यांना तिथे स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, हा प्रश्न हमखास येतो.

लिलावाबद्दल मी जरा वेगळं बोलतो. रिझर्व्ह न ठेवता टाकलं की बोली जोरात लागते हे खरं, पण चुकून त्याच आठवड्यात तशाच दोन गाड्या आल्या तर तुमची मातीमोल जाते. जागा सोडायला वेळ असेल तर रिझर्व्ह ठेवा.

जुनापत्रा

काका, रिझर्व्ह ठेवून गाडी न विकता परत आली की तो आकडा नेटवर कायमचा राहतो, पुढचा गिऱ्हाईक तोच तोंडावर फेकतो. यांना घर बदलायचंय, मी तरी म्हणेन रिझर्व्ह कमी ठेवा पण अगदीच बिनरिझर्व्ह नको. नाहीतर सी-१० वाल्यांच्या ग्रुपमध्ये आधी टाका, तिथे फी पण नाही आणि समोरच्याला गाडी काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

गॅरेजवाला७२

बापरे, एवढं सगळं! ३५० परत बसवत नाही, ठरलं. स्टिकर आहे, एक कोपरा फाटलाय पण ११५ स्पष्ट दिसतंय. ब्रेकचं वाक्य जाहिरातीतून काढलं काका, धन्यवाद. मीनलताई, यादी करायला घेतलीय, अल्टरनेटर कुठला बसवलाय तेच आठवेना, बिलं उपसतोय. आता शेवटचं, एक जण न बघताच घ्यायला तयार आहे, म्हणतो कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढून दिलेला चेक) कुरियरने पाठवतो, ट्रान्सपोर्टवाला माझा माणूस येऊन गाडी नेईल. घ्यावं का?

हायवे_काका

अजिबात नाही. चेक खोटा असला तरी बँक आधी पैसे जमा दाखवते आणि नंतर काढून घेते, तोवर गाडी गेलेली असते. मागितलेल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून "वरचे ट्रान्सपोर्टवाल्याला द्या" म्हणाला तर फोनच उचलू नका. खरा गिऱ्हाईक असेल तर वायर करेल (बँकेतून थेट खात्यात पैसे), किंवा दोघं मिळून त्याच्या बँकेच्या शाखेत जा आणि चेक तुमच्यासमोर बनवून घ्या. पैसे खात्यात पक्के झाल्याचं बँकेकडून ऐकल्यावरच टायटलवर सही, आणि त्याच दिवशी तुमच्या राज्याच्या डीएमव्हीला (आपल्या आरटीओसारखं खातं) गाडी विकल्याचं कळवून टाका, नाहीतर त्याची टोलची बिलं तुमच्या नव्या पत्त्यावर येतील. टेस्ट ड्राइव्हला आधी तुम्ही चालवा, मग त्याला द्या, लायसन्सचा फोटो काढून घ्या, आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा की दुसरा कोणी चालवताना पॉलिसी लागू आहे का, क्लासिक गाड्यांच्या पॉलिसीत कधीकधी त्यावर अटी असतात.

मीनल_गाडीवाली

अल्टरनेटर मिळाला का? बिल नाही मिळालं तर अल्टरनेटरवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर टॉर्च मारून बघा, बहुतेक सिल्व्हराडोचाच असेल.