जादूगार एफबीआयला मदत करतो म्हणे! पण जादू दिसते कुठे?

काडीपेटी:
गेल्या आठवड्यात तापाने झोपून होतो, त्यात 'डिसेप्शन' परत बघून काढली. ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी थोडक्यात, एबीसी चॅनेलची अमेरिकन मालिका, २०१८ च्या मार्चमध्ये आली, १३ भागांत मे महिन्यात संपली, शेवटचा भाग लागायच्या आधीच चॅनेलने बंद करतोय म्हणून सांगून टाकलेलं. कॅमेरॉन ब्लॅक हा स्टेजवरचा मोठा जादूगार, इथे गायब तिथे हजर वगैरे, आणि गुपित काय तर याला एक जुळा भाऊ आहे जो जन्मभर जगापासून लपवलेला. तो भाऊ खुनाच्या खोट्या आरोपात अडकतो, गुपित फुटतं, करिअर बाराच्या भावात, मग हा आपली सगळी टीम घेऊन एफबीआयच्या दारात. का, तर भावाला अडकवणारी बाई शोधायचीय.

माझं म्हणणं, बंद केली ते बरोबरच केलं. टीव्हीवर जादू चालतच नाही. थिएटरात माझे डोळे साक्षीदार असतात, मी स्वतः फसतो. टीव्हीवर कॅमेरा नेईल तेवढंच बघायचं, मधे एक कट मारला की विमानसुद्धा गायब (पहिल्या भागात करतातच). मग टाळ्या जादूगाराला कशाला, एडिटरला द्या. आणि खरी भारी गोष्ट म्हणजे दोन माणसं मिळून एकच आयुष्य जगतायत, एक उजेडात आणि एक खोक्यात, त्यावर अख्खी मालिका झाली असती. त्याला काय मिळतं, तर दर भागात तुरुंगातली चार मिनिटांची भेट. बाकी चोर पळाला, पत्ते उधळले, धूर सोडला.

रात्रपाळी:
असहमत. या हिशोबाने कुठलीच डिटेक्टिव्ह मालिका बघायला नको, सगळीकडे लेखकच पुरावा लपवतो ना? नजर भलतीकडे वळवायची आणि खरं काम दुसऱ्या हाताने करायचं, रहस्यकथा म्हणजे दुसरं काय असतं. उलट इथे ते उघडपणे सांगतात की बघा तुम्हाला असं फसवलं. आणि जादूचा सल्लागार डेव्हिड क्वाँग होता, तो स्वतः जादूगार आहे, न्यूयॉर्क टाइम्सची शब्दकोडीसुद्धा बनवतो. उगाच कुणीतरी धूर सोडत बसलं नव्हतं. तापात बघितलीस म्हणून कडू लागली (हलके घ्या)

मावशीचा डबा:
दोघांनीही 'जोनाथन क्रीक' बघितलेली दिसत नाही. बीबीसीची, १९९७ पासूनची. यातला हिरो स्टेजवर जातच नाही! अॅडम क्लॉस नावाच्या बढाईखोर जादूगारासाठी तो मागे बसून युक्त्या तयार करतो, राहतो पवनचक्कीत, अंगात तोच तो डफल कोट. म्हणजे जादूगार नाही, जादूचा सुतार म्हणा. आणि कोडं कसं मांडतात बघा: एक म्हातारा विनोदी नट, संधिवाताने बोटं इतकी वाकडी की बंदुकीचा घोडा ओढताच येणार नाही, आतून बंद असलेल्या बंकरमध्ये गोळी लागून मेलेला. बस. सगळं तुमच्या पुढ्यात टाकलंय, कॅमेऱ्याची बनवाबनवी नाही, आता बसा डोकं खाजवत. उत्तर नाही सांगणार, बघा आणि मग बोला.
म्हणून काडीपेटी, तुझं 'टीव्हीवर चालतच नाही' चूक आहे. दाखवायची जादू चालत नाही, उलगडायची चालते.

काडीपेटी:
हे मान्य, बंकरवालं भारी वाटतंय. पण मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय ना मावशी, डिसेप्शनवाल्यांना दाखवायचाच सोस होता.

टाळीवाला:
मी हौशी जादूगार, वाढदिवस, सोसायटीचा गणपती, असे प्रयोग करतो, म्हणून बोलतो. मुठीत लाल रुमाल कोंबून गायब करतात तो प्रकार बहुतेकांनी बघितला असेल. त्यात नकली अंगठा असतो, प्लास्टिकचा, आतून पोकळ, खऱ्या अंगठ्यावर टोपीसारखा बसतो आणि रुमाल त्यात जातो. आता गंमत म्हणजे माझ्याकडे जो आहे तो गोऱ्या कातडीच्या रंगाचा, माझ्या सावळ्या हातावर तो दोन फुटांवरून वेगळा दिसायलाच पाहिजे. दिसत नाही. कारण अंगठ्याकडे कुणी बघतच नाही हो, सगळे मुठीकडे बघतात, कारण मी मुठीकडे बघतोय.
तपासात जादूगाराचा उपयोग एवढाच, कुठे कुणी बघत नसणार हे त्याला सवयीने माहीत असतं. मालिका हे बरोबर पकडते, म्हणून मला आवडली. बाकी मारामाऱ्या सोडून द्या.

काडीपेटी:
पण तुम्ही दोन फुटांवर असता, मी तेच तर म्हणतोय!! तोच अंगठा टीव्हीवर दाखवला तर मी म्हणणार कंप्युटरने पुसला.

कोपऱ्यातली खुर्ची:
जाता जाता, जादूगाराने तपास करणं ही कल्पना काही टीव्हीवाल्यांची नाही. हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार १९२० च्या दशकात मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या बैठकांत जाऊन त्यांची लबाडी उघडी पाडायचा. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने पीटर पोपॉफ नावाच्या उपदेशकाला पकडलं, हा गर्दीतल्या लोकांची नावं, पत्ते, आजार धडाधड सांगायचा, म्हणे देव सांगतो. रँडीच्या साथीदाराने रेडिओ स्कॅनर लावला तर देवाच्या जागी पोपॉफची बायको बोलत होती, नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात.
आणि लांब कशाला, आपल्याकडे अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) दुसरं काय करतात? आमच्या शाळेत आले होते. नारळ आणला, शेंडीवर पाणी शिंपडलं आणि भपकन पेटला, आमच्या मागच्या बाकावरच्या एकाने हात जोडले होते चक्क. मग त्या काकांनी शेंडी पिंजून दाखवली, आत सोडियमचा तुकडा, त्याला पाणी लागलं की पेटतो, हीच बुवांची भानामती. या कामापायी किती किंमत मोजावी लागते तेही आपण बघितलंय, २०१३ मध्ये अंनिसच्या दाभोलकरांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला.
म्हणून माझा आक्षेप वेगळाच आहे. जादूगाराची खरी शिकार खुनी नसतो, बुवा असतो. खून सोडवायला फॉरेन्सिक लॅब आहे. डिसेप्शनमध्ये सगळ्या गुन्हेगारांना अचानक स्टेजवरच्या जादूसारखेच गुन्हे सुचतात, का तर हिरोला काम मिळावं म्हणून. नारळवाल्या काकांवर मालिका काढा, मी सगळे भाग बघेन.

रात्रपाळी:
खुर्चीसाहेब, विचार चांगला आहे पण तिसऱ्या भागापर्यंत शाळेचा तास होईल तो. रविवारी रात्री १० वाजता अमेरिकन माणूस सोफ्यावर पडलाय, त्याला विमान गायब झालेलंच बघायचंय. मलापण.

मावशीचा डबा:
तास का होईल? गावात बुवा आहे, त्याला मानणारा सरपंच आहे, आणि काकांच्या पिशवीत फक्त नारळ. मला तर पुढचा भाग आत्ताच दिसायला लागला.
टाळीवाले, एक विचारायचं होतं, तो अंगठा कधीच कुणाच्या लक्षात आला नाही का?

टाळीवाला:
एकदा आला. पहिल्या रांगेत साडेतीन-चार वर्षांचं पोर होतं, सगळे माझ्या मुठीकडे बघतायत आणि ते भलतीकडेच, कारण जादू चालू आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अंगठा काढून खिशात टाकला आणि ते 'काकांचं बोट तुटलं' म्हणून जे भोकाड पसरून रडलं, शेवटी केक आधी कापावा लागला.