संक्रांतीच्या मेळाव्याला वक्ते कोण बोलवावेत? (घोडबंदर रोड, ठाणे)

पारिजात_वाघबीळ: आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आहे. सोसायटीचं क्लबहाउस, ४ ते ६:३०, साधारण ७० जणी, बऱ्याचशा पन्नाशीपुढच्या. दोन वक्ते हवेत: एक मृत्युपत्र-वारसाहक्कावर, एक ऑनलाइन फसवणुकीवर. वाण, चहा-नाश्ता धरून सगळं ५,००० रुपयांत बसवायचंय.

दूर्वा७१: मालिकेतली अभिनेत्री बोलवा ताई. एसी हॉल घ्या, मानधनाला एखादा सराफ प्रायोजक गाठा. गर्दीची काळजीच नको.

कोर्टनाका: वकील विनामूल्य मिळतात. ठाणे न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. सचिवांच्या नावे लेटरहेडवर अर्ज द्या: तारीख, वेळ, पत्ता, उपस्थिती, विषय. महिनाभर आधी द्या, पोच घ्या. विषय ‘महिलांचे कायदे’ असा लिहिलात तर सगळंच वरवर होतं. ‘मृत्युपत्र, नॉमिनी, मुलीचा हिस्सा’ एवढंच लिहा.

वसंता_नौपाडा: मुलीचा हिस्सा २००५ पासून ठरलेलाच आहे की. त्यावर व्याख्यान कशाला?

कोर्टनाका: ठरलाय तो वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात हवे होते का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: नसले तरी हक्क आहे. पण स्वकमाईचा फ्लॅट वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, आणि ठाण्यात भांडण फ्लॅटचंच असतं. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी असणं म्हणजे मालकी नव्हे, हे तर वक्त्याकडून दोनदा सांगून घ्या. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत.

तिळवडी: भाषणं आधी, हळदीकुंकू नंतर. वाण हातात पडलं की बायका चपला शोधायला लागतात. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या द्या, प्लास्टिकचे डबे कोणी वापरत नाही.

दूर्वा७१: अभिनेत्री आली तर वाण मिळालं तरी कोणी उठणार नाही.

खाडीकिनारा: फसवणुकीसाठी पोलीस ठाण्याला पत्र द्या, सायबरचं काम बघणारे अधिकारी येतात. त्यांना आकडेवारी नको, प्रात्यक्षिक करायला सांगा: लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप घालणारी) मोबाइलवर कशी दिसते, ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे तोतया पोलीस ‘तुम्हाला अटक झालीय’ म्हणून धमकावतात तो, व्हिडिओ कॉल कसा येतो. अशी अटक कायद्यातच नाही. पैसे गेले की लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. हा नंबर तिथेच प्रत्येकीच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या. प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते, नव्या लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त टाइप-सी असतं. कन्व्हर्टर तुमचा ठेवा. कॉर्डलेस माइकचे सेल नवे घाला.

वसंता_नौपाडा: हळदीकुंकू म्हणून बोलावलंत तर विधवा येणार नाहीत, आणि वारसाहक्काची माहिती सगळ्यांत जास्त त्यांनाच हवी. पत्रिकेत ‘तिळगूळ मेळावा’ लिहा.

तिळवडी: भाषणं आधी ठेवा, पुन्हा सांगते. हळदीकुंकू पूर्वापार सवाष्णींचंच आहे, नाव कशाला बदलायचं?

वसंता_नौपाडा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आपण ठाण्यात राहून मागे का? आणि प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव न लिहिता. शेजारीण बाजूला बसलेली असताना घरातला वाद कोणी माइकवर सांगत नाही.

कोर्टनाका: चिठ्ठ्यांचं अगदी बरोबर. अर्धा तास त्यालाच ठेवा. वक्ता ठाणे स्टेशनहून येणार असेल तर ३ लाच निघायला सांगा, घोडबंदरचा भरवसा नाही.

पारिजात_वाघबीळ: सगळ्यांचे आभार. ठरलं असं: वक्ता एकच, वारसाहक्कावर. दोघांत चिठ्ठ्यांना वेळच उरणार नाही, सायबर ८ मार्चला घेऊ. नाव ‘तिळगूळ मेळावा’. वाट्या नाहीत, वाण म्हणून कागद ठेवायची फाइल, घाऊक २० रुपयांना मिळतेय, म्हणजे १,४०० झाले. आत एक यादी: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (फ्लॅटच्या दस्तनोंदणीचा उतारा), नॉमिनेशनची पोच, बँक आणि विम्याचे कागद. आणि वाण सुरुवातीलाच देणार, म्हणजे वक्ता बोलत असताना यादी समोर राहील. कोर्टनाका, यादीत काही राहिलंय का?