गुन्सानमधील जपानी काळातील घर पाहावे का?

प्रश्न: दक्षिण कोरियाच्या प्रवासात गुन्सान येथील सिन्हुंग-दोंगचे जपानी घर पाहण्याचा विचार आहे. परक्या सत्ताधाऱ्याचे घर जपून का ठेवले, हे तिथे समजते का?

उत्तर: अवश्य जा, पण आधी गावाचा इतिहास लक्षात घ्या. १८९९ मध्ये उघडलेल्या या बंदरातून आसपासच्या सुपीक शेतांतला तांदूळ जपानला जात असे, आणि १९१० ते १९४५ या वसाहतकाळात त्याच व्यापाराच्या आधारावर इथे जपानी श्रीमंतांची वस्ती वाढली. हिरोत्सु नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेले हे दुमजली लाकडी घर त्यांपैकीच एक आहे. मला सर्वांत बोलके वाटले ते त्याचे खोल्यांचे नियोजन: खालच्या मजल्यावर जमिनीखालून ऊब देणारी कोरियन ओंदोल खोली, तर वर तातामी चटयांच्या जपानी खोल्या. कोरियातला हिवाळा सोसण्यासाठी मालकालाही इथलीच पद्धत स्वीकारावी लागली असावी.

उत्तर: मी गेले तेव्हा आत प्रवेश नव्हता, दगडी दिवे असलेल्या बागेतून फिरत, काचेच्या सरकत्या दारांतून आत पाहता आले. तरीही फेरी व्यर्थ वाटली नाही.

उत्तर: ताईंच्या म्हणण्याला जोडून सांगतो, की जवळचे दोंगुक्सा मंदिर चुकवू नका. तिथे जपानच्या सोतो या झेन बौद्ध पंथाच्या भिक्षूंनी २०१२ मध्ये उभारलेला क्षमायाचनेचा शिलालेख आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्या शिलेपुढेच मिळाले.