फोर्कलिफ्ट जवळ आली की वाजणारा टॅग : चाचणी घ्यायची तरी कशी?

गोदामवाला_पडघा :

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पडघ्याजवळ एका गोदामात सेफ्टी बघतो. अकरा डॉक (ट्रक लावून माल चढवायचे-उतरवायचे फलाट), बॅटरीवरच्या चार फोर्कलिफ्ट, उंच रॅकसाठीचे दोन रीच ट्रक, आणि मध्येमध्ये पळणाऱ्या बीओपीटी, म्हणजे बॅटरीवरच्या पॅलेट गाड्या, वेगळ्याच. माल तीन तऱ्हेचा : बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि खाद्यतेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे. मालाची यादी उगाच देत नाहीये, पुढे तीच नडली.

दिवाळीच्या गर्दीत ७ नंबर डॉकवर एक माथाडी वाकून डबे मोजत होता. त्याच्या मागे फोर्कलिफ्ट वळली. ज्यांनी चालवलीय त्यांना ठाऊक आहे, हिची मागची चाकं वळतात, त्यामुळे तोंड डावीकडे नेलं की बूड उजवीकडे फेकलं जातं. त्या फेकण्यात तो रॅकच्या खांबाला चिकटला. शर्ट फाटला, बरगडीला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. बॅटरीची गाडी, इंजिनाचा आवाज नाही. तो मला म्हणाला, "दादा, वारा आला असं वाटलं फक्त."

मग वरच्यांना जाग आली. एक विक्रेता टॅग घेऊन आला : कामगाराच्या छातीवर एक, फोर्कलिफ्टच्या छपरावर एक डबी. दोघं ५ मीटरच्या आत आले की टॅग थरथरतो, शिट्टी मारतो, आणि ड्रायव्हरपुढे लाल दिवा लागतो. डेमो कुठे दिला? बाहेर, ट्रक उभे राहतात त्या मोकळ्या जागेत. साहेब लोक चालत गेले, टॅग वाजला, टाळ्या पडल्या. दोन संच १५ दिवसांसाठी ठेवून गेलाय. मला हुकूम : एक पानी रिपोर्ट द्या, ६० नग घ्यायचे आहेत.

मी खडू आणि मेजरिंग टेप घेऊन सुरू झालो. फोर्कलिफ्ट उभी, मी तिच्याकडे चालत जायचो. समोरून गेलो की ५ मीटरच्या आसपास वाजतो, डेमोसारखाच. पाठ करून उलटा चालत गेलो तर कधी अडीचला वाजला, कधी तीनला. एकदा तर हात लागेपर्यंत वाजला नाही. बिस्किटांच्या गल्लीत उभा राहिलो तर पलीकडच्या गल्लीतली गाडी आली तरी बोंबलतो, मध्ये भरलेला रॅक असूनही. तेलाच्या डब्यांच्या गल्लीत नेमकं उलटं : कोपऱ्यावर गाडीचं नाक दिसेपर्यंत चिडीचूप.

आता रिपोर्टात काय लिहू? "पास" म्हणायचं ते कशाला? कोणी अशी चाचणी घेतली असेल तर सांगा.

उघडझाप :

मी पुण्यात वायरलेसच्या कामात आहे, फोर्कलिफ्टमधलं फार कळत नाही. पण तुमची लक्षणं वाचून रोग कळतो. तुमचा टॅग अंतर मोजतच नाही, आवाज किती मोठा येतोय त्यावरून अंतराचा अंदाज बांधतो. ब्लूटूथच्या सिग्नलची ताकद बघायची आणि म्हणायचं, एवढी आहे म्हणजे ५ मीटर. आता माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि ही लहर पाण्यात शोषली जाते. पाठ फिरवली की टॅग आणि गाडी यांच्यामध्ये तुम्ही स्वतःच पाण्याची टाकी होऊन उभे राहता. ताकद घटली, टॅगला वाटलं गाडी लांब आहे. बिस्किटांचे खोके म्हणजे कोरडा पुठ्ठा, लहर आरपार जाते. पत्र्याचा डबा तिला आरशासारखी परत फेकतो. तिसऱ्या मालाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोल्ड्रिंकच्या गल्लीतही घोळ निघेल. पाणीच आहे ते.

विक्रेत्याला एकच विचारा : ताकद मोजता की वेळ? वेळ मोजणारे अल्ट्रा-वाइडबँडचे टॅग येतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, तो वेळ मोजून ते अंतर काढतात, मोकळ्यात चूक १० ते ३० सेंटिमीटरची. पण तेही देवाघरचे नाहीत. मध्ये अंग आलं की लहर रॅकला आपटून वळसा घालून येते, वळसा लांबचा, त्यामुळे अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणजे चूक झाली तर नेमकी नको त्या बाजूला.

आणि कृपा करून स्वतः उलटे चालत जाऊ नका. २० लिटरचा पाण्याचा जार घ्या, मूठभर मीठ टाका, स्टुलावर ठेवून त्याला जॅकेट घाला, टॅग छातीच्या उंचीवर अडकवा. लहरीच्या लेखी तो माणूसच.

रिव्हर्स_गिअर :

१४ वर्षं फोर्कलिफ्ट चालवतोय, आता चाकणला आहे. साहेब, खरं सांगू? आमच्याकडे असाच डबा बसवला होता, तिसऱ्या दिवशी मी त्याच्या भोंग्यावर सेलोटेप लावली. नाव सांगणार नाही, पण मी एकटा नव्हतो.

कारण सांगतो. डॉकवर गाडी घेऊन गेलो की आठ लोडर आजूबाजूला असतातच, ५ मीटरच्या आतच असतात, तिथेच त्यांचं काम आहे. म्हणजे ८ तास भोंगा. गिरणीशेजारी राहणाऱ्याला भोंगा ऐकू येतो का? शेवटी खरंच कोणी मागून आला तेव्हा दिवा लागलाच होता, मी बघितलंच नाही. सुदैवाने त्याने आरोळी मारली.

तुमच्या चाचणीत एक गोष्ट राहिलीय. तुम्ही चालत गाडीकडे गेलात. गाडी कधी माणसाकडे आणलीत का? आणि पुढचे माल उचलायचे काटे धरलेत का हिशेबात? डबी छपरावर असते. तिथून काट्याच्या टोकापर्यंत सव्वादोन-अडीच मीटर होतात. टॅग म्हणतो ५, माणसाच्या पोटरीला विचारा, ती म्हणेल अडीच.

ड्रायव्हरच्या अंगावरचा टॅगही बघा. सीटवर बसलो की तो गप्प बसला पाहिजे, नाहीतर दिवसभर वाजेल. उतरलो की परत जागा झाला पाहिजे. आमच्याकडे उतरल्यावर जागा व्हायला बराच वेळ लागायचा, तोवर मी दुसऱ्या गाडीपुढून गेलेलो असायचो.

उघडझाप :

रिव्हर्स_गिअर, काट्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आकडे मांडूनच बघू.

ताशी १० किमीचा वेग म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. टॅग सेकंदाला दोनदा बघत असेल तर अर्धा सेकंद त्यात गेला, १.४ मीटर. ड्रायव्हरला कळून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरू, आणखी २.८. ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे २ मीटर, आणि वर माल असेल तर जोरात दाबताही येत नाही, पॅलेट पुढे घसरेल. झाले ६.२. त्यात काट्यांचे सव्वादोन-अडीच. म्हणजे साडेआठच्या आसपास.

तोच हिशेब ५ किमीला करा : ०.७, १.४, ०.५, अधिक काटे. बरोबर ५ मीटरच्या आसपास येतो. म्हणजे विक्रेत्याची ५ मीटरची सेटिंग ५ किमीच्या वेगालाच पुरते, तीही माणूस जागेवर उभा असेल तर. तो गाडीकडे चालत असेल तर त्याचे सेकंदाला सव्वा-दीड मीटर आणखी. गोदामवाला, तुमच्याकडे गाड्यांना वेग बांधून दिलाय का?

गोदामवाला_पडघा :

बोर्डावर ८ लिहिलंय. बोर्डावर.

उरणकर :

कंटेनर यार्डात सेफ्टीत आहे. आमच्या गाड्या तुमच्याहून खूप मोठ्या, पण दुखणं तेच.

चाचणीत सगळे टॅगच टॅग बघतात. ज्याच्या अंगावर टॅग नाही तो बघा. आम्ही एकदा सकाळी गेटवर तासभर उभं राहून नुसती माणसं मोजली. ट्रकचा क्लीनर, बाहेरचा ड्रायव्हर सही घ्यायला आलेला, एसी दुरुस्त करणारा, पेस्ट कंट्रोलवाला. यंत्राच्या लेखी ही माणसं अस्तित्वातच नाहीत. आणि टॅग असलेल्यांवरच भरवसा ठेवायची सवय लागलेला ड्रायव्हर यांच्यासाठी जास्त धोक्याचा. दिवा लागला नाही म्हणजे कोणी नाही, असं त्याचं डोकं महिनाभरात शिकतं.

बॅटरी उतरलेला टॅगही तसाच, गप्प. चार्जिंगवरून उचलताना तो स्वतःहून एकदा थरथरला पाहिजे आणि नाही थरथरला तर माणूस आत जाता कामा नये. हे रिपोर्टात पहिल्या ओळीत घ्या.

अवांतर : अमेरिकेत भूमिगत कोळसा खाणीतल्या कंटिन्युअस मायनरना (कोळसा खरवडून काढणारी मोठी यंत्रं) अशी यंत्रणा २०१५ च्या नियमाने सक्तीची झाली. तिथे बहुतेक चुंबकीय क्षेत्रावर चालते, कारण ते अंगातून, दगडातून फारसं अडत नाही. पल्ला लहान, पण कोपऱ्यावर फसवत नाही. तुमच्या तेलाच्या गल्लीसाठी तशा कोणाचा टॅग मागवून बघा. आणि काहीही रेडिओवालं घेतलंत तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल आहे का ते विचारा.

तुमचे माथाडी मंडळाकडचे असतील ना? १९६९ च्या कायद्याखालची टोळी तुमच्या पगारपत्रकावर नसते, आज ही टोळी, उद्या दुसरी. त्यांना टॅग कोण देणार, शिकवणार कोण, हेही ठरवा.

पिकलिस्ट :

मी पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढायला आहे, आमच्याकडे निम्म्या बायका. हे टॅग करणाऱ्याने कधी ओढणी घेतलेली बाई बघितली नसावी. गळ्यातल्या दोरीला लटकवला की तो ओढणीखाली जातो, वाकलं की पोटाशी लोंबतो, आणि दोरी कन्व्हेयरमध्ये अडकायची भीती वेगळी. दंडाला पट्टा मागा. थरथर दंडाला पटकन कळते, जॅकेटवर लावला तर कळतही नाही.

दुसरं, सगळ्यांच्या मनात जे आहे ते विचारते. हा टॅग आम्ही कुठे किती वेळ उभ्या होतो ते लिहून ठेवतो का? आमच्याकडे तशी कुजबुज झाली आणि आठवड्यात निम्मे टॅग लॉकरमध्ये पडून. बाथरूमला किती वेळ लागला ते वर दिसणार असेल तर कोण घालेल?

गोदामवाला_पडघा :

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय, माफी.

विक्रेत्याला फोन केला. ताकद की वेळ, विचारलं. म्हणाला, "सर, लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे." दुसऱ्यांदा विचारल्यावर ब्लूटूथ कबूल केलं. मग वेळ मोजणारे टॅग दुसऱ्या एकाकडून आठवड्यासाठी आणले आणि दोन्ही शेजारी ठेवून रविवारी गोदाम बंद असताना चाचणी घेतली.

जारला जुनं जॅकेट घातलं, हेल्मेट ठेवलं. पोरांनी त्याला "मुकादम" नाव दिलं. तिन्ही गल्ल्यांत, तोंड समोर, पाठ, कूस, गाडी ५ वर, गाडी ८ वर, काटे रिकामे, काट्यांवर पॅलेट. टेप काट्याच्या टोकापासून धरली, छपरापासून नाही. नंतर होते तेवढे सगळे टॅग एकदम चालू करून परत. जुन्याचा पाठीकडून घोळ कायम. कोल्ड्रिंकच्या गल्लीबद्दल उघडझाप यांचं म्हणणं तंतोतंत निघालं. नवा पाठीकडूनही बराच सुधारला, पण तेलाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तोही उशिराच.

रिपोर्ट एक पानाचा झाला नाही, चारचा झाला. त्यात लिहिलं : ६० नग आत्ता नकोत. आधी डॉक ५ ते ९ ला माणसांची वाट रेलिंगने वेगळी करा, तेलाच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना गोल आरसे लावा, गाड्यांचा वेग बोर्डावर नको, कंट्रोलरमध्ये ६ वर बांधा. मग वेळ मोजणारे २० टॅग, दंडाच्या पट्ट्यासकट. डॉकवर पल्ला कमी आणि गाडी हलत असेल तरच वाजणारे, म्हणजे सेलोटेपचा खर्च वाचेल. पिकलिस्ट ताईंच्या प्रश्नावर मी एचआरला लेखी विचारलंय. उत्तर अजून नाही, तोवर नोंदी साठवायच्या नाहीत असं विक्रेत्याकडून लिहून घेतलंय.

रेलिंग मंजूर झाली. आरसे परवा लागले. टॅगची फाइल अजून फिरतेय.

मुकादम मात्र गेला. शेवटच्या फेऱ्यांपैकी एकीत, ८ चा वेग, काट्यांवर पॅलेट, पाठ करून. टॅग वाजला, दिवा लागला, ड्रायव्हरने ब्रेकही दाबला. छपरावरची डबी जारपासून दोन मीटर अलीकडेच थांबली. काटे आरपार. सगळा डॉक खारट पाण्याने भरला आणि हेल्मेट गडगडत डॉक आणि ट्रक जोडणाऱ्या लेव्हलरच्या फळीखाली गेलं. ड्रायव्हर बराच वेळ गाडीतून उतरलाच नाही.

जारच्या १५० रुपये डिपॉझिटचं व्हाउचर अकाउंट्सने परत पाठवलं, कारण लिहा म्हणून. चार पानी रिपोर्टची झेरॉक्स जोडून दिली.