द डरेल्स: लुईसाला 'परदेशात आलेली बाई' कुणी केलं?

तिरकस
कीली हॉजची 'द डरेल्स' ही खऱ्या डरेल कुटुंबावरची मालिका संपवली एकदाची. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर २०१६ ते २०१९ मध्ये चार सीझन आले होते, इथे बऱ्याच जणांनी बघितली असेल. नसेल बघितली तर थोडक्यात: १९३५ साल, इंग्लंडमधलं बोर्नमथ, नवरा वारलेला, पैशांची बोंब, चार पोरं. एकाला कादंबरी लिहायचीये, एकाला बंदुकांचं वेड, मुलीला काय करायचंय ते तिचं तिलाच माहीत नाही, धाकटा जेरी प्राण्यांपायी शाळेत मार खातोय आणि आई, म्हणजे लुईसा (कीली हॉज), जिनच्या पेल्याच्या आधाराने दिवस ढकलतेय. मग हे अख्खं बिऱ्हाड उचलून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर. घरात वीज नाही, बँकेतून पैसे येत नाहीत, भाषा कळत नाही, आणि त्या उन्हात इंग्रज बाई हळूहळू खुलत जाते.

दिसायला फारच सुंदर, वाद नाही. पण खरी लुईसा जन्मली १८८६ साली रुरकीला! लग्न हिंदुस्थानात, सगळी बाळंतपणं ब्रिटिश राजमध्ये (एक मुलगी तान्ह्यापणीच गेली), इंजिनियर नवरा १९२८ ला डलहौसीला वारला. मोठा लॅरी जालंधरचा, जेरी १९२५ ला जमशेदपूरचा. म्हणजे बाई कायमची इंग्लंडला राहायला गेली ती चाळिशी उलटल्यावर, विधवा होऊन. परदेश म्हणाल तर तिच्यासाठी बोर्नमथच परदेश होता की! ऊन, नोकरचाकर, न कळणारे शेजारी, हे सगळं तिला नवीन कुठे होतं? मालिकेने तिला टिपिकल दबलेली इंग्लिश विधवा करून टाकलं आणि खरी गोष्ट हातची घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.

ओटीटीग्रस्त
अहो रविवारी रात्री घरच्यांनी मिळून बघायची कॉमेडी आहे ती, पीएचडी नाही :) हिंदुस्थानाचा उल्लेख येतो की, एक हिंदुस्थानी पाहुणासुद्धा येऊन जातो. आणि मूळ पुस्तकं जेरी उर्फ जेरल्ड डरेलची, त्यातलं पहिलं १९५६ चं, त्याने स्वतःच वाट्टेल त्या थापा मारल्यात त्यात. लॅरीचं तेव्हा लग्न झालेलं होतं, बायको नॅन्सी, दोघं बेटावर वेगळं बिऱ्हाड करून राहायचे. पुस्तकात नॅन्सीचा पत्ताच नाही! पोटच्या पोराने वहिनी गायब केली तर लेखक सायमन नायने आईचा जन्मदाखला का जपायचा?

आळशी बोका
ओटीटीग्रस्त +१. आणि कीली हॉजचं काम बघा हो आधी. घराबाहेर उन्हात जेवायचं टेबल मांडलंय, चौघं एकाच वेळी बोलतायत, कुणीच कुणाचं ऐकत नाहीये, आणि ती मधे बसून अर्धं वाक्य बोलते, सोडून देते, मग पाव पुढे सरकवते. चार पोरांची आई अशीच असते, ती रुरकीची असो की राजापूरची.

तिरकस
कीली हॉजबद्दल मी कुठे काय म्हटलं, ती आहे म्हणून तर चार सीझन बघितले. आणि जेरीने थापा मारल्या त्या दहा वर्षांच्या पोराच्या नजरेतून, त्याला त्याची बेडकं आणि कासवं महत्त्वाची होती, आई कुठून आली याच्याशी त्याला काय करायचंय. मालिकेने मात्र मुद्दाम आईला मधे आणलं. जिची गोष्ट सांगायला घेतली तिचीच पहिली चाळीस वर्षं ओझरती उरकली, हे खटकतं.

दुसरं, स्पिरो. खरा स्पिरो टॅक्सीवाला, अमेरिकेत राहून आलेला म्हणून लोक त्याला अमेरिकानो म्हणायचे, डरेल मंडळींची घरं शोधण्यापासून सगळी कामं करून द्यायचा. मालिकेत तो देखणा हिरो, त्याची बायकापोरं असताना लुईसाशी प्रेमप्रकरण. गोऱ्या बाईची गाडी स्थानिकाने चालवायची, सामान उचलायचं, आणि शेवटच्या सीझनपर्यंत तिच्यासाठी झुरायचं पण त्यानेच. ४ ऑगस्ट १९३६ ला ग्रीसमध्ये मेटाक्सासची हुकूमशाही आली, कम्युनिस्टांना धरून धरून बेटांवर हद्दपार केलं. मालिकेत ते जेमतेम जाणवतं. बेट म्हणजे काय नुसता पडदा आहे का मागे टांगलेला?

निवांत
झुरते तीपण, शेवटचा सीझन परत बघा. बाकी तो वसाहतवादाचा चष्मा सगळीकडे लावू नका प्लीज, १९३५ ला कॉर्फू ग्रीसचं होतं, इंग्रज तिथे राज्य करायला नव्हते गेले, स्वस्ताई होती म्हणून गेले. विधवेच्या तुटपुंज्या पैशात इंग्लंडमध्ये घर चालत नव्हतं, तिथे व्हिला मिळाला. लोक रिटायर होऊन कोकणात जातात तसंच.

तिरकस
१८१५ ते १८६४ ते बेट ब्रिटिशांच्याच ताब्यात होतं बरं का. तिथे गावाच्या मध्यावर मोठं मैदान आहे, स्पियानाडा, इंग्रज गेले तरी क्रिकेट मागे राहिलं आणि जिंजर बियरपण. तेव्हा इंग्रज मडम उतरली की बेटाला ती काही अगदीच परग्रहावरची वाटली नसणार.

वऱ्हाडी ठेचा
मधेच घुसतो. जेरीला शिकवणारा तो दाढीवाला डॉक्टर थिओ आहे ना, थिओडोर स्टेफनिडीस, तो जन्मला १८९६ मध्ये आपल्या मुंबईत! बाप राली ब्रदर्समध्ये होता. राली म्हणजे कापसाचे मोठे ग्रीक व्यापारी, त्यांच्याच नावाची रॅलीज इंडिया, आमच्याकडे फवारणीच्या डब्यावर आबालवृद्धांना माहीत असलेलं नाव. थिओ अकरा वर्षांचा असताना घरचे कॉर्फूला परतले, तोवर त्याला ग्रीक धड येत नव्हतं, घरात इंग्रजी. म्हणजे बघा, बेटावरचा सगळ्यात 'स्थानिक' विद्वान मुंबईचा आणि मडम रुरकीची. या दोघांनी एकदातरी बसून पावसाळ्याच्या गप्पा मारल्या असतील की नाही? तो सीन पायजे होता राजेहो. तिरकसताईंना माझं मत.

ओटीटीग्रस्त
ठेचाभाऊ माहिती भारी आहे, पण तो सीन मुंबईकराला आवडेल, मँचेस्टरच्या प्रेक्षकाला त्याचं काय?

आणि सगळं खरंच दाखवायचं तर लेस्लीचं, म्हणजे त्या बंदुकवेड्या पोराचं, काय करता? मालिकेत तो किती गोड आहे. खऱ्या लेस्लीचं घरकाम करणाऱ्या मारियाशी जमलं, १९३९ ला युद्धाच्या तोंडावर ती याच कुटुंबाबरोबर इंग्लंडला आली, १९४५ ला मुलगा झाला, आणि लेस्लीने तिच्याशी लग्न केलं नाही ते नाहीच. खऱ्या लुईसाचं पिणंही विनोदी नव्हतं, नवरा गेल्यावर बाई पार कोलमडली होती, चरित्रकारांनी लिहिलंय. हे सगळं घातलं असतं तर तुम्हीच दुसऱ्या भागात रिमोट फेकला असता.

तिरकस
नसता फेकला. उलट मारियाची गोष्ट कळल्यावर मला वाटलं की हाच तर पाचवा सीझन. 'परदेशात एकटी राहणारी बाई' तीच आहे ना खरी! कॉर्फूची पोरगी, बोर्नमथमध्ये, पदरात मूल, लग्नाचा पत्ता नाही. तिला समुद्र, ऊन, खुलणं वगैरे काही मिळालं नाही. लुईसा परदेशात गेली की पोस्टर, मारिया गेली की तळटीपसुद्धा नाही.

निवांत
हा मुद्दा मात्र बिनतोड. पण तो वेगळ्या मालिकेचा आहे, या मालिकेवर राग काढून काय उपयोग. लॅरीने इंग्लंडला पुडिंग आयलंड नाव ठेवलं होतं, अकराव्या वर्षी आईबापांनी त्याला तिकडे शाळेत धाडलेलं, तो सल आयुष्यभर गेला नाही. तेही आलं पाहिजे होतं मग. किती काय काय आणायचं सव्वीस भागांत?

आळशी बोका
मला फक्त एवढं सांगा, खरी लुईसा स्वयंपाक कसा करायची?

तिरकस
पट्टीची! पुस्तकात आई बघावं तेव्हा भांड्यांत आणि पाककृतींच्या वह्यांत गुंतलेली, करी तर खास तिची. इंडियात आयुष्य गेलेलं, येणारच.

ओटीटीग्रस्त
मग करीचा एक दणदणीत सीन टाकला असता तर हा धागा निघाला नसता का?

तिरकस
निघाला असता. १९३५ मध्ये कॉर्फूत हळद कुठून आणली ते विचारायला.