शाडूची मूर्ती महाग का?

काही जण म्हणतात की दीड फुटाच्या शाडूच्या मातीच्या गणपतीला पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तीपेक्षा दुप्पट पैसे घेणं ही शुद्ध लूट. मला नाही पटत. लालबागला आमच्या चाळीच्या मागेच गणपतीचा कारखाना होता. पीओपी साच्यात ओतलं की अर्ध्या तासात घट्ट होतं. शाडूचं तसं नाही. माती गुजरातहून येते, ती भिजवून, काथ्या घालून मळायची, साच्यात अंगठ्याने दाबून बसवायची. मग वाळवण, तेही मुंबईच्या भर पावसाळ्यात! कारखान्याचे काका रात्री पंखे आणि पिवळे बल्ब लावून बसायचे. घाई केली की सोंडेला नाहीतर मनगटाला तडा गेलाच. मग ओल्या मातीने लिंपायचं आणि पुन्हा थांबायचं. शेवटी डोळ्यांची आखणी. ती करताना ते आम्हा पोरांना बाहेर हाकलायचे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच पीओपी नको म्हणून सांगितलंय, पण स्वस्तात हवं तर गिऱ्हाईक तरी काय करणार.

आणि हो, शाडूची मूर्ती वजनाला भारी असते. पाटासकट उचला, दोन्ही हातांनी. गेल्या वर्षी आमच्या जिन्यातच एकाची फजिती झाली.