मदत हवी आहे: प्रार्थनेची वही दोन-तीन आठवड्यांत बंद पडते

प्रश्न (बेळगाव)
घरी प्रार्थना मराठीत, रविवारची चर्चमधली उपासना कानडीत. रोज सकाळी विनंत्या लिहून काढायच्या असं ठरवलं की यादी चाळीसवर जाते, लिहिण्यातच वेळ संपतो, प्रार्थना राहून जाते. नंतर वही उघडायचीच भीती वाटते. वही आखायची कशी, रोज किती लिहायचं, दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी लिहाव्यात काय? कुणी नीट सांगेल काय?

निपाणीकर
यादी रोज नव्याने लिहिता तिथंच अडतंय. विनंती एकदाच लिहायची, रोज फक्त वाचायची.

दोनशे पानी साधी वही घ्या, मागची 30 पानं यादीसाठी सोडा. एका पानावर पाचच विनंत्या. प्रत्येकीखाली चार ओळी मोकळ्या, कारण उत्तर तिथंच लिहायचं आहे. डावीकडे मागितल्याची तारीख, उजवीकडे उत्तराची. मग चाळीस विनंत्या आठवड्याच्या वारांत वाटा: सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी, बुधवारी मंडळी (आपलं चर्च) आणि पाळक (पास्टर), असं. वाट्याला रोज पाच-सहा येतात.

विनंती नेमकी हवी. "घरच्यांना आशीर्वाद दे" याचं उत्तर मिळालं की नाही, हे सहा महिन्यांनी कसं ओळखणार? "धाकट्याला दहावीच्या गणिताची भीती वाटते, त्याला रोज बसायचा धीर दे" असं लिहा.

आणि उत्तर म्हणजे मागितलेलं मिळणंच नव्हे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे हे उत्तर मिळालं (पवित्र शास्त्र, 2 करिंथ 12:8-9). तशी उत्तरंही तारखेनिशी लिहायची, नाहीतर वही अर्धंच खरं बोलते.

खानापूर रोड
वरची आखणी चांगली, पण नुसती यादी ठेवली तर वही वाण्याच्या खात्यासारखी होते. पुढची पानं रोजच्या प्रार्थनेला ठेवा, रोज सहा ते आठ ओळी, पंधरा मिनिटं. क्रम असा: आधी एक ओवी (पवित्र शास्त्रातलं एक वचन) उतरवा, तिच्यावरून एक ओळ स्तुती, एक ओळ पापांगीकार (पाप कबूल करणं), दोन ओळी उपकारस्तुती (आभार), शेवटी मागणं. मागणं शेवटी का? ते आधी घेतलं की बाकी सगळं उरकल्यासारखं होतं. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही "रोजची भाकर" पित्याचं नाव, राज्य आणि इच्छा यांच्यानंतरच येते (मत्तय 6:9-13).

एक खूण सांगतो. लिहिताना "प्रभू, तू" असं चाललं असेल तर ती प्रार्थना. "देवाने आज असं केलं" असं सुरू झालं की रोजनिशी झाली. तिथंच थांबून पुढची ओळ "तू"ने सुरू करायची.

शब्द सुचत नाहीत त्या दिवशी पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, मधल्या दोनांत विनंती, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. त्याच तीन टप्प्यांत आपल्या दोन-दोन ओळी लिहा. तक्रार लिहायला घाबरू नका, शास्त्रातच ती अशी उघड आहे.

कानडी उपासनेचं: "कीर्तनेगळु" म्हणजे आपली स्तोत्रसंहिता, "मत्ताय" म्हणजे मत्तय. उपदेश चालू असताना फक्त पुस्तक, अध्याय, ओवी टिपा आणि घरी मराठी पवित्र शास्त्रातून वचन उतरवा. तिथल्या तिथं भाषांतर करायला गेलात तर ऐकणं सुटतं.

कॅम्पवासी
कॅथलिक घरांत रात्रीची वही ठेवतात, तीही बघा. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: उपकार मानणं, पाप ओळखायला कृपा मागणं, दिवस तासातासाने तपासणं, क्षमा मागणं, सुधारायचा निश्चय. प्रत्येकीला एक ओळ पुरते. सकाळी निघायची घाई असेल तर हे जास्त टिकतं.

खाजगी गोष्टींबद्दल कडक राहा. दुसऱ्याचं नाव नको, आद्याक्षर लिहा. आजार, कर्ज, घरातलं भांडण यांचा तपशील नको. देवाला तो ठाऊक आहे, वही मात्र कुणाच्याही हाती पडू शकते. स्वतःचं पापही एका शब्दात पुरे.

खानापूरकडच्या पावसात जेल पेन नको, ओल लागली की शाई पसरते. बॉलपेनने लिहा. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या फळीवर वही ठेवली तर बुरशी धरते.

प्रश्न (बेळगाव)
आभारी आहे. चार दिवस खंड पडला तर मागचं भरून काढायचं काय?

निपाणीकर
नाही. मोकळी पानंही सोडू नका, ती बघूनच वही मिटली जाते. आजची तारीख घाला, त्या वाराच्या पाच विनंत्या वाचा, एक ओवी उतरवा. तेवढंच.

खानापूर रोड
आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास फक्त मागची पानं वाचायला. पेन हातात ठेवा, उत्तराच्या तारखा बहुतेक त्याच दिवशी लक्षात येतात.